पालाश कुजत नाही, क्षरतं

विचारणा अशी आहे: जंगलातल्या पोषकद्रव्यांच्या चक्राबद्दल वाचताना पोटॅशसाठी, म्हणजे झाडाला लागणाऱ्या पोटॅशियमसाठी, ‘पालाश’ शब्द येतो. तो ‘पलाश’ असा हवा का, पळसाशी त्याचा संबंध काय, आणि कोणी खत घालत नसताना जंगलाला पालाश मिळतं कुठून?

‘पा’ दीर्घच. संस्कृतात पलाश म्हणजे पान आणि पळसही. पळसाचं ते पालाश, जसं शरदाचं ते शारद. मुंजीत बटूच्या हाती देतात तो पालाशदंड. नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) सर्वांना ठाऊक आहेत, त्यांत शिरत नाही.

‘पालाश हा पोटॅशचा अपभ्रंश’ हे वाक्य मात्र एकदाचं थांबायला हवं. जाणकार म्हणवणारेही ते बिनदिक्कत लिहितात. अपभ्रंश तोंडात झिजून होतो, तो पाणिनीच्या नियमाने ‘प’चा ‘पा’ करत नाही. हा शब्द कोणीतरी ध्वनी आणि अर्थ दोन्ही तोलून घडवलेला आहे, आणि तोलताना त्याच्या डोळ्यांपुढे राख होती असं माझं ठाम मत आहे. पोटॅश म्हणजे मडक्यातली राख. हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनज्ञाने 1807 मध्ये त्यातून धातू वेगळा केला म्हणून तो पोटॅशियम. त्याची खूण ‘के’ आली कॅलियम या लॅटिन नावावरून, आणि कॅलियमच्या मुळाशी असलेला अरबी ‘कली’ म्हणजेही वनस्पतीची राखच. आपल्याकडे सुश्रुताच्या क्षारपाकविधीत, म्हणजे औषधी क्षार बनवण्याच्या कृतीत, पळस आहेच. कृती अशी: झाड जाळायचं, राख सहापट पाण्यात कालवायची, एकवीस वेळा गाळायची आणि ते पाणी आटवायचं. उरतो तो मुख्यतः पोटॅशियमचा कार्बोनेट. पळसाच्या राखेचं सत्त्व ते पालाश, याहून नेमकं नाव सुचवून दाखवावं.

खताच्या पोत्यावरचा आकडाही राखेचीच भाषा बोलतो. 10:26:26 (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) च्या 50 किलोच्या पोत्यात 13 किलो पालाश धरलेलं असतं. हा आकडा पोटॅशियम ऑक्साइडचा, पण त्या नावाचा पदार्थ पोत्यात नसतोच. एकोणिसाव्या शतकातले रसायनज्ञ झाड जाळून राखेतलं प्रत्येक द्रव्य ऑक्साइड म्हणून मांडत, तीच रीत आजवर चालू आहे. 0.83 ने गुणलं की मूलद्रव्य निघतं, म्हणजे त्या पोत्यात सुमारे 10.8 किलो. ‘पोत्यावरचं पालाश म्हणजेच पोटॅशियम’ असं धरून हिशेब केला तर मात्रा चुकते, ती इथे.

‘पाला कुजला की पालाश मोकळं होतं’ हे दुसरं वाक्य वाचून तर राहवत नाही. कुजावं लागतं नत्राला. ते प्रथिनांत बांधलेलं असतं. बुरशी आणि जिवाणू पान खातात तेव्हा सुटतं, आणि पाल्यात कर्ब (कार्बन) नत्राच्या पंचवीस-तीस पटींहून जास्त असेल तर तेच जीव ते स्वतःकडे अडकवून ठेवतात. चुना, म्हणजे कॅल्शियम, पेशीभित्तीत असतो, तो आणखी उशिरा येतो. पालाश कशातच बांधलेलं नसतं. पानाच्या रसात ते सुटं आयन म्हणून फिरतं. म्हणून सह्याद्रीतल्या सागाचं वाळलेलं पान जूनच्या पहिल्या काही सरींत भिजलं की त्यातलं बरंचसं पालाश पाण्याबरोबर खाली उतरतं. पान तेव्हा अजून अख्खं असतं, शिराही धड असतात. झाडावरच्या हिरव्या पानांवरून ओघळणाऱ्या पाण्यातही ते असतंच.

या क्रियेला मराठीत शब्द हवा असेल तर ‘क्षरण’ वापरा. सुश्रुत क्षाराची व्युत्पत्ती ‘क्षरणात् क्षणनाद्वा’, म्हणजे क्षरणामुळे किंवा नाश करण्यामुळे, अशी देतो. टीकाकारांनी ती व्रणावरच्या परिणामाशी जोडली आहे. जोडोत, एकवीस वेळा गाळलेल्या राखेचं पाणी ज्याने पाहिलं त्याला क्षरणे म्हणजे पाझरणे हे निराळं सांगावं लागत नाही. ‘क्षरण’ फक्त धूप किंवा गंज यांना राखून ठेवणारे परिभाषाकार शब्दाचा गाभाच सोडतात.

उतरलेलं पालाश वरच्या थरातल्या बारीक मुळ्या उचलतात. सुटेल ते काळ्या मातीतली चिकणमाती धरून ठेवते. कोकणातल्या जांभ्याची धारणशक्ती कमी, तिथे ते धुपून जातं. खडकातली खनिजं झिजून थोडी भर पडते, आणि जंगलाचं भागतं. राब भाजतात, म्हणजे पेरणीआधी शेतात पाला-काटक्या पसरून जाळतात, तेव्हा नत्र बहुतांशी हवेत जातं, पालाश राखेत राहतं. पण उतारावर ती राख मातीत मिसळली नाही तर वळवाची एक सर ते ओढ्याला नेते. उघड्या कंपोस्टच्या ढिगाखालून पावसात वाहणारं तपकिरी पाणीही पालाशच नेतं. ढीग झाका, किंवा ते पाणी चर काढून झाडांच्या आळ्यांत सोडा.

आणि ‘पालाशचे प्रमाण’ नको. नत्राचे, स्फुरदाचे, तसे पालाशाचे.