‘टिटल’ म्हणजे तिळभर नव्हे, काना-मात्रेएवढं

जुन्या इंग्रजी बायबलमधल्या ‘वन जॉट ऑर वन टिटल’ मध्ये ‘टायटल’चं स्पेलिंग चुकलंय का, आणि ‘टिटल’ला मराठीत ‘तिळमात्र’ म्हटलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत.

स्पेलिंग बरोबर आहे. तरी तुमची शंका रास्त आहे, कारण टिटल आणि टायटल ही सख्खी भावंडं. दोघांचं मूळ लॅटिन ‘टिट्युलुस’, म्हणजे पाटी, मथळा. मध्ययुगात पोथ्या उतरवणारे लेखनिक जागा वाचवायला अक्षरं गाळत आणि खूण म्हणून वर बारीक रेघ ओढत. त्या रेघेलाही हेच नाव पडलं. स्पॅनिशमधलं ‘टिल्डे’ आणि पोर्तुगीजमधलं ‘तिल’ त्याच घरातले. पोर्तुगीजमध्ये संताला लावायच्या ‘सांव’ या शब्दात अक्षरावर जी लाट असते, ती हीच. गोव्यातल्या ‘सांजाव’ या सणाचं नाव लिहिताना तो नाकातला उच्चार आपण अनुस्वाराने दाखवतो. टिटलचा हा धागा मला फार आवडतो.

आता बायबल. मत्तय ५:१८ मध्ये येशू सांगतो की नियमशास्त्रातलं एवढंसंही नाहीसं होणार नाही. ग्रीकमध्ये तिथे ‘आयोटा’ आणि ‘केराइआ’ हे शब्द आहेत. आयोटा हे त्या लिपीतलं सगळ्यांत चिमुकलं अक्षर. ‘जॉट’ त्यावरूनच आला. केराइआ म्हणजे छोटं शिंग, अक्षराला फुटलेलं टोक. नियमशास्त्र मूळ हिब्रूतलं, म्हणून हिब्रूतली दालेत आणि रेश ही अक्षरं शेजारी ठेवून बघा: कोपऱ्यातलं एवढंसं टोक गेलं की अक्षरच बदलतं! विल्यम टिंडेलने १५२६ च्या इंग्रजी भाषांतरात इथे ‘टिटल’ वापरला आणि १६११ च्या किंग जेम्स बायबलनेही तोच ठेवला.

म्हणून ‘तिळमात्र’ अर्थाला चालेल, पण मला ते पटत नाही. तीळ धान्यातला, रती सोनाराच्या काट्यावरची, तसू सुताराच्या गजावरचा. टिटलचा लहानपणा लेखणीचा आहे. त्याला आपल्याकडे नेमका जोड आहे: ‘काना-मात्रेचाही फरक नाही’. मी तरी तेच लिहीन.

इंग्रजी आय या अक्षरावरच्या टिंबाला टिटल म्हणतात हे खरं, पण शब्दाचा अर्थ तेवढाच नाही. अक्षरावरची कुठलीही बारीक खूण त्यात येते. ‘टिटल-टॅटल’ म्हणजे चुगल्या-चहाड्या. त्याचा याच्याशी संबंध नाही, तो बडबडीच्या आवाजावरून आलाय. ‘टू अ टी’, म्हणजे तंतोतंत, हा मात्र बहुधा ‘टू अ टिटल’चाच आखूड झालेला अवतार, १७व्या शतकात आधी ‘टू अ टिटल’ सापडतो, मग ‘टू अ टी’.