फोनला फुल रेंज असूनही बाविसाव्या मजल्यावर नेट का चालत नाही?

तुम्ही लिहिलंय, परळला बाविसाव्या मजल्यावर फुल रेंज असते, पण व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो आणि खाली वाण्याच्या दुकानात झकास चालतो. मुंबईतल्या टॉवरांचं ट्यूनिंग हेच माझं काम. फोन बदलायच्या भानगडीत पडू नका.

काड्या फक्त सिग्नलचा जोर दाखवतात, तो स्वच्छ आहे की नाही ते नाही. टू-जीत शेजारच्या टॉवरांना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वाटून दिलेल्या असत. फोर-जीत एका कंपनीचे सगळे सेल (एकेका भागाला सिग्नल देणारी यंत्रं) तीच फ्रिक्वेन्सी वापरतात, कारण इतका महाग स्पेक्ट्रम (फ्रिक्वेन्सींचा पट्टा) वाटून खाणं परवडत नाही. रस्त्यावर इमारती आड येतात, लांबचे टॉवर अडतात. तुमच्या खिडकीसमोर काहीच आड नाही, म्हणून लांबच्या टॉवरांचे सिग्नलही येऊन एकमेकांत मिसळतात. शेजारच्या दोन मंडळांचे स्पीकर एकदम लागले की आवाज ढीगभर, पण आरती कुठली ते कळत नाही, तसं.

अशाच एका घरी मी मोजायला गेलो होतो. खिडकीत सिग्नल उणे ७८ डीबीएम (जोराचं माप), म्हणजे उत्तम. पण एसआयएनआर (कामाचा सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण) उणे ३, म्हणजे कामाच्या सिग्नलच्या दुप्पट गोंगाट. काकू म्हणाल्या, "मी तर फोन घेऊन मोरीतच जाते." (चाळ पाडून इमारत झाली, मोरी काही सुटली नाही.) हसलो, पण मोजलं तर तिथे सिग्नल उणे ९८, म्हणजे बराच कमजोर, आणि एसआयएनआर ११, म्हणजे स्वच्छ! खिडकीतून येणारे लांबचे सेल भिंतींनी अडवले होते, मागचा जवळचा टॉवर तेवढा उरला होता.

दोषी निघाला दीड किलोमीटरवरच्या टॉवरचा एक सेक्टर, म्हणजे एका दिशेचा भाग. त्याच्या अँटेनाचा जमिनीकडचा झुकाव २ अंशांवरून ६ केला, तोही ऑफिसात बसून. काकूंचं नेट सुधारलं आणि त्या टॉवरकडच्या एका चाळीतून रेंज गेल्याची तक्रार आली. शेवटी ५ वर तडजोड.

सॉफ्टवेअरचेही उपाय आहेत. शेजारचे टॉवर आपसात बोलून सीमेवरच्या फोनांना फ्रिक्वेन्सीचे वेगळे तुकडे देतात. छोट्या सेलसाठी मोठा टॉवर मिलिसेकंदभर जवळपास गप्प बसतो. पण झुकाव चुकला असेल तर हे सगळं वरवरचं, असं माझं मत.

एखाद्या फुकट ॲपवर खिडकीतला आणि आतल्या खोलीतला आरएसआरपी (सिग्नलचा जोर), एसआयएनआर पाहा. तक्रारीत हे आकडे, मजला आणि खिडकीची दिशा लिहा. नुसतं 'नेट स्लो आहे' लिहिलंत तर कुणीतरी खाली गाडी फिरवून 'सर्व ठीक' असा शेरा मारेल, आणि खाली ते खरंच ठीक असतं.