वाचकांचे प्रश्न : खाडीसाठी कोळंबीची फ्लाय

दिवाळीची सुट्टी जवळ आली की जळगाव-धुळ्याकडून कोकणात उतरणाऱ्यांची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांचा विषय एकच आहे: फ्लाय रॉडने खाऱ्या पाण्यात मासा धरायचा तर कोळंबीची फ्लाय (गळावर केस, फर, दोरा बांधून केलेलं खोटं भक्ष्य) कोणती घ्यायची आणि ती चालवायची कशी.

आप्पा, मेहुण्याकडे गुहागरला चाललोय. आठ नंबरची रॉड घेतली. कोळंबी फ्लायचं पाकीट मागवलं, तर सगळ्या नारिंगी, आकडा झालेल्या, दिसायला हुबेहूब. दुकानदार म्हणतो, रंगावरच सगळं आहे. याच नेऊ का? (चोपड्याहून एक वाचक)

न्या, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. आपण खान्देशी माणसं कोळंबी पाहतो ती बाजारातल्या सोड्यांच्या रूपात, नाहीतर थेट ताटात. तिथे ती नारिंगी आणि वाकडी असते. जिवंतपणी तिच्या अंगातलं नारिंगी रंगद्रव्य प्रथिनाशी बांधलेलं असतं, म्हणून दिसत नाही. आच लागली की प्रथिन मोडतं आणि रंग उघडा पडतो. खाडीतल्या माशाने तसली कोळंबी पाहिलेली नसते. त्याला माहीत असलेली कोळंबी राखाडी-हिरवट, आरपार दिसणारी आणि बऱ्यापैकी सरळ असते.

गुहागरला जायच्या आधी एक काम करा. चोपड्याहून तापी काही लांब नाही. जाळं टाकणाऱ्या भोई मंडळींकडून दोन-चार जिवंत झिंगे, म्हणजे नदीतली कोळंबी, मागून घ्या, नदीच्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत सोडा आणि बाजूने बघत बसा. झिंगा तळावरून सावकाश चालतो, मिशा पुढे चाचपत. पोहताना अंग सरळ ठेवतो आणि पोटाखालचे पाय एकसारखे हलवतो. आता काडी त्याच्या तोंडाजवळ न्या. शेपूट पोटाखाली ओढून तो मागच्या मागे उसळतो, क्षणभर थांबतो आणि अलगद तळाला बसतो. खाडीतली कोळंबी या झिंग्याच्या कुळातली नाही, पण चालणं, उसळणं आणि बसणं तेच. तुमच्या फ्लायला हे तिन्ही करता आलं पाहिजे, म्हणून मी आधी वजन बघतो, मग हालचाल आणि रंग शेवटी.

वजन म्हणजे फ्लायच्या डोळ्यांच्या जागी बांधलेले मणी. गुडघाभर शांत पाण्याला बॉल चेनचे, म्हणजे मण्यांच्या साखळीतून तोडलेले, हलके मणी पुरतात. पाणी कमरेएवढं असेल किंवा ओढ असेल तर डंबेलच्या आकाराचे शिशाचे जड मणी हवेत, नाहीतर फ्लाय तळाला पोचण्याआधीच वाहून जाते. मणी गळाच्या दांडीच्या वरच्या अंगाला बांधलेले असले की पाण्यात गळ उलटा होतो आणि टोक आकाशाकडे राहतं. त्यामुळे तो तळाच्या दगडात, शिंपल्यात कमी अडकतो. १९७० च्या दशकात बहामाजमधल्या अँड्रॉस बेटावर बॉब नॉहाइम यांनी बांधलेली क्रेझी चार्ली याच युक्तीवर चालते. मुळात ती छोट्या पारदर्शक माशाची नक्कल होती, पण जगभर लोक ती कोळंबी म्हणूनच वापरतात. पाकिटातली प्रत्येक फ्लाय बादलीत सोडून बघा. टोक खाली ठेवून बुडणारी किंवा एका कुशीवर कलंडणारी बाजूला काढा, मग ती कितीही हुबेहूब असो. कडक प्लास्टिकच्या पाठीच्या फ्लाय हातात सुंदर दिसतात आणि पाण्यात काडीसारख्या पडून राहतात. मऊ क्राफ्ट फर (कृत्रिम केस), सशाच्या कातड्याची बारीक पट्टी, दोन-चार रबरी पाय एवढ्यावर बांधलेली साधी फ्लाय थांबल्यावरही हलत राहते.

रंगाचं थोडक्यात: वाळूवर फिकट बदामी, चिखलावर शेवाळी किंवा तपकिरी. गळ ४ किंवा ६ नंबरचा ठेवा (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो). जिताडा, तांब असे मोठे मासे मिळण्यासारखी जागा असेल तर १ किंवा त्याहून मोठा १/० घ्या आणि शेवटचा हातभर दोरा ३० ते ४० पौंड ताण सोसणारा लावा. जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते आणि ओठ खरबरीत, बारीक टिपेट (फ्लायला जोडलेला शेवटचा दोरा) तो घासून तोडतो. फ्लाय सैल फासाच्या गाठीने बांधा. घट्ट गाठीत ती ताठ राहते, फासात मोकळी डुलते.

आता चालवायचं. भरतीला कोळंबी पाण्याबरोबर कांदळवनात शिरते. ओहोटी लागली की लहान-लहान चऱ्यांतून तिला बाहेर यावं लागतं आणि मासे त्या चऱ्यांच्या तोंडाशी टपून असतात. तिथे उभे राहा. फ्लाय चरीच्या तोंडाच्या थोडी वर टाका, तळाला बसू द्या, मग वीतभर ओढा आणि थांबा. पुन्हा ओढा, पुन्हा थांबा. घास बहुतेक वेळा थांबल्यावर बसतो, त्यामुळे थांबायला लाजू नका. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार जोरात ओढतं. नवख्या माणसाने अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती धरावी. आणि पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, तळावर घासत न्या. वाळूत पाकट बसलेली असते, तिच्या शेपटीच्या काट्याचा मार भयंकर असतो.

मूळचा शहाद्याचा, कामाला सुरतला. डुमसच्या किनाऱ्यावर कोणती फ्लाय चालेल?

तुमच्या दारातली तापीच तिथे समुद्राला मिळते, तेव्हा ओढ वाटणारच. पण खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे आणि पाणी गढूळ असतं. कोळंबीची फ्लाय माशाला दिसायला हवी. त्या पाण्यात बदामी रंग हरवतो, काळी किंवा गडद जांभळी, जरा मोठी फ्लाय निदान आकार तरी दाखवते. तरीही मी तुम्हाला डुमसला पाण्यात उतरायला सांगणार नाही. तिथलं पाणी फार वेगाने चढतं आणि चिखल पाय धरून ठेवतो. काठावरूनच टाका, नाहीतर सुट्टी काढून कोकणात या.

आप्पा, मी घरी फ्लाय बांधते. कोळंबीचे डोळे विकत मिळतात ते महाग पडतात. घरी करता येतील का? आणि पोटाखाली नारिंगी ठिपका देतात तो कशाला? (पारोळ्याहून एक ताई)

ताई, डोळे घरीच करा, जास्त छान होतात. ५०-६० पौंडांचा नायलॉन दोरा पेराएवढा कापा, मध्यभागी पक्कडीत धरा आणि टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्या. ज्योतीत घालू नका, काजळी धरते. नायलॉन वितळून आपोआप गोल मणी होतो. गोळा झाला की लगेच बाजूला घ्या आणि थिजेपर्यंत टोक खाली ठेवा, नाहीतर तो एका बाजूला ओघळतो. मग दुसरं टोक. थंड झाल्यावर काळी नेलपॉलिश, वर एक थर पारदर्शक. हे डोळे हलके असतात, वजनासाठी मणी वेगळे लावावे लागतील. डोळे गळाच्या वाकाकडे बांधा आणि शेपूट दोरा बांधायच्या कडीकडे, म्हणजे ओढल्यावर फ्लाय मागे पळते.

नारिंगी ठिपका म्हणजे अंडी. आपल्या नदीतल्या झिंग्याची मादी अंड्यांचा पुंजका पोटाखाली घेऊन फिरते, बरणीत तुम्हालाही दिसेल. खाडीतली पांढरी कोळंबी मात्र अंडी पाण्यात सोडून देते, अंगावर वागवत नाही. मग ठिपका का चालतो? माझ्या मते, फिकट फ्लायवर तेवढा एक गडद बिंदू माशाची नजर धरतो. मी देतो, पण मुगाच्या दाण्याएवढाच.

मासा फ्लायला धडक देतो, पण अडकत नाही. (जळगावचा एक विद्यार्थी)

तू गिरणेवर तरंड्याने मासे धरत असशील. तरंडा बुडाला की रॉड वर उचलायची सवय हाताला लागते. कोळंबी फ्लायला तसं केलंस तर ती माशाच्या तोंडापुढून उडून जाते. रॉडचं टोक पाण्याकडेच ठेव, लाइनमधली ढील काढून टाक आणि घास जाणवला की डाव्या हाताने लाइन सरळ मागे खेच. जड वाटलं की मगच रॉड उचल. आणि मासा सुटला तरी लगेच फ्लाय काढून घेऊ नकोस. तिथेच बसू दे, पुष्कळदा तो वळून येतो. गळाला धार आहे ना, तेही बघ. नखावर टोक टेकवून ते घसरलं तर बोथट झालंय. घरी आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून मगच डबीत ठेव. एक ओली फ्लाय शेजारच्या सगळ्यांना गंज लावते.

याच फ्लाय हतनूरच्या पाण्यात चालतील का? (भुसावळ)

चालतील. झिंगे तिथेही आहेत आणि मासे ते खातात. समुद्रावर सर्रास वापरली जाणारी क्लाउझर फ्लायसुद्धा बॉब क्लाउझर यांनी अमेरिकेतल्या सस्क्वेहाना नदीसाठी बांधली होती. तपकिरी, ६ नंबरची, बॉल चेनवाली घ्या आणि काठच्या बुडालेल्या बाभळींच्या कडेने चालवा. मात्र धरणांतल्या मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा आधी त्यांच्याकडे जाऊन रीतसर परवानगी घ्या.