सर्व्हर हलवताय? आधी एवढं करा

घाबरू नका, बेळगाव-खानापूरच्या मंडळींच्या साइटवरचा लेखांचा-फोटोंचा जुना साठा नव्या सर्व्हरवर सुखरूप हलेल. डेटाबेस (साइटचा सगळा मजकूर त्यात असतो) आणि फोटोंचं फोल्डर, दोन्हींचा बॅकअप, म्हणजे जादा प्रत, घरच्या हार्डडिस्कवर घ्या. नवखे डेटाबेस तेवढा नेतात आणि राजहंसगडाचे फोटो जुन्या होस्टिंगवरच (साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेवरच) राहतात. बॅकअप नव्या जागी उघडून बघा. न तपासलेला बॅकअप नसल्यातच जमा.

मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षरं साठवायची पद्धत 'यूटीएफ८एमबी४' (utf8mb4) ठेवा. जुन्या 'यूटीएफ८'त देवनागरी बसते, इमोजी नाही. 'येळ्ळूर'च्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर तिथंच थांबा, पुढे रेटू नका.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा. तिचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, आदल्या दिवशीच ३०० सेकंद करा, म्हणजे नवा पत्ता लवकर पोचतो. कॉपी चालू असताना नवं लेखन बंद. जुनं होस्टिंग लगेच सोडू नका. आणि गणपतीत हात लावूच नका, अख्खं बेळगाव तेव्हाच फोटो टाकतं! कॅशे (पानं झटपट उघडावीत म्हणून ठेवलेल्या तात्पुरत्या प्रती) वगैरे नंतर बघू.