‘काही झालेलं नाही’ म्हणण्याआधी

“मॅडम, पेशंटवरचा माझा विश्वासच उडालाय. कुणी छातीला हात लावून आला की आधी मनात येतं, हा खरंच आजारी आहे की नाटक करतोय? मी इतकी कठोर कधी झाले?”

उत्तर गोव्यातल्या एका इस्पितळात कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या सिस्टरचा हा प्रश्न. तिच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे, कारण वेगवेगळ्या शब्दांत तो अनेक जणी विचारतात.

तिच्याकडे तक्रारी खूप होत्या. सिक सर्टिफिकेटसाठी सोमवारी पोट धरून येणारे. ओपीडीतली रांग नको म्हणून जुनी सर्दी घेऊन रात्री दोनला येणारे. ठरावीक इंजेक्शनचं नाव घेऊनच आत शिरणारा एक गृहस्थ. चवथीला घर माणसांनी भरलेलं असताना चक्कर येऊन पडणाऱ्या सुना.

पण माझ्याकडे ती आली ती एका रात्रीमुळे. पेडण्याकडची एक तरुण मुलगी, घरात मोठं भांडण झालेलं. दातखिळी बसलेली, डोळे घट्ट मिटलेले, हातांची बोटं आत वळलेली. “सिस्टर, बेगीन पळयात!” म्हणत भोवती घरची माणसं. मागून कुणीतरी पुटपुटलं, “नाटक.” शुद्ध तपासायला छातीच्या मधल्या हाडावर बोटांची पेरं दाबतात. सिस्टरने ती गरजेपेक्षा जोरात दाबली. मुलीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. साखर, ईसीजी, ऑक्सिजन, सगळं ठीक निघालं. “काही झालेलं नाही, घरी न्या,” असं सांगून सगळे मोकळे झाले. सिस्टरला मात्र त्यानंतर झोप लागेना.

मी आधी त्या वळलेल्या बोटांबद्दल बोलले. भीतीने श्वास फार जलद चालला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्तातलं रासायनिक गणित बदलतं, ओठांना मुंग्या येतात, बोटं आखडतात. ते त्या मुलीने ठरवून केलेलं नव्हतं. डोळे मिटून येणाऱ्या फिट्सचंही तसंच. मेंदूच्या आलेखात मिरगी दिसली नाही म्हणजे पोरगी ढोंग करते असं होत नाही. शिवाय काहींना मिरगी आणि अशा फिट्स, दोन्ही असतं. जाणूनबुजून खोटं बोलणारेही असतात, नाही असं नाही. पण ते कोण, हे मध्यरात्री दारातच ठरवायची जबाबदारी सिस्टरची नाही.

तिथे प्रश्न एकच: आत्ता जिवाला धोका आहे का? आधी कुणाला पाहायचं याचा रंग, लाल, पिवळा की हिरवा, हे नाडी, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि तक्रार पाहून ठरतं. माणूस किती खरा वाटतो यावर नाही. हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण संशयाची सवय लागली की खरा आजार निसटतो. बायकांना, वयस्करांना, मधुमेह असलेल्यांना हार्ट अटॅक कधी कधी छातीत न दुखताही येतो. दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं. ‘गॅस असेल’, ‘टेन्शन असेल’ म्हणून अशांना बाकावर बसवून ठेवलं जातं. श्वास जलद चालला म्हणून तोंडावर कागदी पिशवी धरायचीही नाही. दुखणं हृदयाचं किंवा फुप्फुसाचं निघालं तर ऑक्सिजन आणखी उतरेल.

डॉक्टरांनी धोका नाही म्हटल्यावर काय बोलायचं, याची आम्ही तालीमच केली. “तुमचं हृदय आत्ता ठीक आहे. तुम्हाला झालेला त्रास मात्र खरा आहे, भीतीने शरीर असं करतं. हळूहळू श्वास सोडा, मी इथेच आहे.” मग नातेवाइकांना बाहेर थांबवून एकटीला विचारायचं: घरी कुणी मारतं का? जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का? हो म्हणाली तर तिला तसंच घरी पाठवायचं नाही, डॉक्टरांना लगेच सांगायचं. बांबोळीच्या आयपीएचबीचं, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळाचं, नाव काढलं की “आमची पोर वेडी नाही” म्हणून घरचे बिथरतात. तेव्हा 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर कागदावर लिहून मुलीच्याच हातात द्यायचा. केंद्र सरकारने तो 2022 मध्ये सुरू केला, रात्रीही लागतो.

तिच्या रागाबद्दलही बोललो. अपुऱ्या माणसांत रात्रपाळी करणाऱ्या बाईला नुसतं ‘दया ठेव’ सांगणं मला पटत नाही. राग येणारच. सर्टिफिकेट मागणाऱ्याला नाही म्हणणं कठोरपणा नव्हे, फक्त तो नकार डॉक्टरांकडून यायला हवा. आणि सर्टिफिकेटवाल्यावरचा राग पुढच्या खाटेवर उतरू नये, म्हणून मधे दोन मिनिटं बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचं, हे तिने स्वतःच सुचवलं.

त्या इंजेक्शनवाल्या गृहस्थाचं अजून सुटलेलं नाही. त्याला वेदना आहेत की व्यसन, की दोन्ही, हे एका रात्रीत कळणार नाही. सध्या एवढंच ठरलंय, की वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याच्यासाठी एक योजना केसपेपरवर लिहावी आणि सगळ्या पाळ्यांनी तीच पाळावी. सिस्टर त्यांच्याशी या आठवड्यात बोलणार आहे.