डागांना काही लावू नका, आधी झटक्यांचा व्हिडिओ काढा

ताई, बाळ सात महिन्यांचं, पाठीवर-मांडीवर जन्मापासून चार फिकट डाग, आणि आठवडाभर झोपेतून उठलं की दचकल्यासारखं करतं, असं तुम्ही लिहिलंय. घरचे म्हणतात पोटात मुरडा आहे. तुम्ही विचारताय डागांना काय लावू. काहीच लावू नका. डाग राहिले तरी बिघडत नाही, मला धास्ती त्या दचकण्याची वाटते.

माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. त्याला ट्यूबरस स्क्लेरोसिस आहे, म्हणजे जनुकातल्या दोषामुळे मेंदू, त्वचा, हृदय, किडनी अशा ठिकाणी गाठी किंवा खुणा होणारा आजार. (नाव ऐकून आमच्या अर्ध्या नातेवाइकांना टीबी वाटला. ट्यूबर म्हणजे कंद. १८८० मध्ये बूर्नव्हिल या फ्रेंच डॉक्टरांना मेंदूत बटाट्यासारखे टणक भाग दिसले, त्यावरून हे नाव.) त्याच्याही अंगावर असेच डाग होते. सासूबाई जंत म्हणाल्या, आमच्या डॉक्टरांनी कॅल्शियमचं औषध दिलं. त्यात तीन आठवडे गेले. मग एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी खोलीत अंधार करून जांभळा दिवा पाठीवर धरला. दिवसा मला तीन दिसायचे, तिथे सात उमटले, एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला निमुळते, पानासारखे. डागांबद्दल अवाक्षर न काढता त्यांनी पहिलं विचारलं, "झटके येतात का?"

एखाददुसरा फिकट डाग निरोगी बाळालाही असतो. तीन किंवा जास्त, पाच मिलिमीटरहून मोठे असले की मात्र तपासायचं. कोड दुधासारखं पांढरंफेक असतं, हे नुसते फिके असतात. त्वचा आणि मेंदू गर्भात एकाच थरातून घडतात. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या टीएससी१ किंवा टीएससी२ या जनुकात दोष असला की दोन्हीकडे खुणा उमटतात.

आता झटके. मुरड्यात बाळ रडत राहतं, पाय पोटाशी घेतं. या झटक्यात मान खाली जाते, दोन्ही हात एकदम फेकले जातात, क्षणभर ताठ, मग सैल. काही सेकंदांनी पुन्हा. असे ओळीने दहा-वीस, बहुतेकदा झोपेतून उठताना. अशा रांगा दिसल्या तर बालमेंदूतज्ज्ञांना उद्याच गाठा, अपॉइंटमेंट पुढच्या महिन्याची मिळाली तर थेट इमर्जन्सीत जा. ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) झोपेतला आणि जागेपणीचा, दोन्ही हवेत. या आजारातल्या अशा झटक्यांवर सहसा विगाबॅट्रिन आधी देतात. त्याने नजरेची कड जाऊ शकते, म्हणून डोळे तपासत राहावे लागतात. हे ऐकून मी दोन दिवस औषध सुरूच केलं नव्हतं, तो माझा मूर्खपणा. झटके चालू राहिले की बाळ शिकलेलं विसरतं. माझं बाळ हसायचं थांबलं होतं.

एमआरआय, हृदयाची टूडी इको, किडनीची सोनोग्राफी हेही सांगतील. हृदयातल्या गाठी बहुधा आपोआप आटतात, त्यांना घाबरू नका.

आणि "तुमच्याकडून आलं" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. साधारण तीनपैकी दोन मुलांत जनुकातला हा बदल नव्यानेच झालेला असतो. तरी आईवडिलांची त्वचा आणि नखं तपासतात, तपासू द्या.

व्हिडिओत बाळाचा चेहरा आणि दोन्ही हात येऊ द्या, एक रांग संपेपर्यंत फोन हलवू नका. आमच्या पहिल्या व्हिडिओत नुसता पंखा आलाय.