योद्ध्याची मानसिकता रोजच्या जगण्यात कशी आणावी?

योद्ध्याची मानसिकता अंगी बाणवून स्वतःला कसे घडवावे, आणि पहाटे चारला उठण्याच्या निश्चयाने त्याची सुरुवात करावी का, असे आपण विचारले आहे. असे निश्चय मी स्वतः अनेकदा केले आणि त्यांतला एकही तीन आठवड्यांपलीकडे टिकला नाही. त्यामुळे आधी मला ‘योद्धा’ या शब्दाकडेच वळावेसे वाटते. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की उपसलेली तलवार आणि दौडणारा घोडा डोळ्यांपुढे येतो. तो घोडा पावसाळ्याचे चार महिने काय खातो, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही.

शिवाजी महाराजांना तो पडला होता. राज्याभिषेकापूर्वी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराच्या अंमलदारांना त्यांनी लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. त्या पत्रात शौर्याचा उपदेश नाही; दाणा, वैरण आणि दिवा यांविषयीची बारीकसारीक ताकीद आहे. आत्ताच वाटेल तसा दाणा आणि गवत उधळाल तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाऊन धान्य, भाकरी, लाकूडफाटा, भाजीपाला उचलू लागाल आणि तुमच्यापेक्षा मोगल बरा असे रयतेला वाटेल, अशी कारणपरंपरा त्यात पायरीपायरीने मांडलेली आहे. रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत विचार केलेला आहे. त्यापुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो: एकदा सगळे जळून गेल्यावर कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी निवाऱ्याचा एक खणदेखील उभा राहणार नाही.

हे वाचले तेव्हा मी खात्यांतर्गत परीक्षेत दुसऱ्यांदा अनुत्तीर्ण झालो होतो आणि नेमके तेच, म्हणजे माना मारण्याचे काम करीत होतो. अभ्यास चुकला की स्वतःला शिक्षा म्हणून जेवण टाळायचे, दुसऱ्या दिवशी दुप्पट तास बसायचे, आणि या सगळ्याला मी लढाऊ बाणा म्हणत होतो. (तालमीत नवा पोरगा पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारतो आणि पुढचे चार दिवस जिना उतरताना कण्हतो, वस्ताद अशाचे कौतुक करीत नाहीत.) त्यानंतर मी शिक्षा सोडली आणि उंदीर शोधू लागलो. माझ्या बाबतीत तो उशाशी ठेवलेला मोबाईल होता. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, उद्याचे प्रकरण कोणते हे रात्रीच वहीत लिहायचे, आणि घरी पाहुणे येतील त्या दिवसांसाठी वीस मिनिटांची उजळणी वेगळी राखून ठेवायची, एवढीच माझी वैरण. पहाटे चारचा हट्टही सोडला. पावणेसहाला उठणे मला झेपते आणि ते आजही चालू आहे.

दुसरी गोष्ट माघारीची, आणि ती याहून अवघड आहे. जून 1665 मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांनी 23 किल्ले मोगलांना दिले आणि 12 स्वतःकडे ठेवले. दिलेल्यांत पुरंदर आणि कोंढाणा होते, राखलेल्यांत राजगड होता. 1670 च्या फेब्रुवारीत कोंढाणा आणि मार्चमध्ये पुरंदर परत आला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु मधली जवळजवळ पाच वर्षे तो सल मनात ठेवून काम करणे म्हणजे काय, याचा विचार आपण फारसा करीत नाही. आत्मविकासाच्या बहुतेक याद्या 35 च्या 35 किल्ले एकाच वेळी लढवू पाहतात: व्यायाम, वाचन, नवी भाषा, बचत, ध्यान, सगळे एक तारखेपासून. कोणते द्यायचे हे शांतपणे ठरवणे आणि दिल्यावर त्याबद्दल रोज स्वतःला न कोसणे, हे मला तरी युद्धनीतीचाच भाग वाटते. अर्थात राजगड कोणता, हे ज्याचे त्याने ओळखायचे असते. प्रकृती आणि घरच्यांशी धड बोलणे हे दोन मी तरी देऊ नयेत अशा मताचा आहे.

मी त्या वेळी मोडी लिपीचा वर्ग सोडला होता. परीक्षा तिसऱ्या प्रयत्नात सुटली, त्यानंतर दीड वर्षाने तो पुन्हा लावला, आणि पहिल्या दिवशी ओळखीची वाटणारी अक्षरेसुद्धा मला एकमेकांपासून वेगळी करता येत नव्हती. सध्या रोज अर्धे पान वाचतो.